रविवारी बाबा गाडी पाहायला जायचे

त्या उन्हाळ्यात बाबा दर रविवारी सकाळी दाढी करू लागले. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनीतून सुटल्यापासून त्यांची दाढी वाढली तर वाढली, निघाली तर निघाली, असं चाललं होतं. मी टोकलं तर म्हणायचे, "कोण पाहून राहिलं मले?" आता मात्र मी चहा ठेवायच्या आत त्यांची आंघोळ झालेली असे. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि पोर्चमधल्या खुर्चीवर फाटकाकडे तोंड करून बसलेले. धाकट्या बहिणीचा नवरा त्यांना न्यायला येणार असे. त्याला एक लहान चारचाकी घ्यायची होती.

आम्ही दोघीच बहिणी. धाकटीचं लग्न झालं, मी केलं नाही. आई गेल्यावर नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरात मी आणि बाबा एवढेच उरलो. धाकटी नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं बाहेरगावी होती. मग त्याची बदली नागपूरला झाली आणि ते मनीषनगरला राहायला आले. पहिल्यांदा सगळे जेवायला आले तेव्हा तो बाबांना म्हणाला, "बाबा, गाडी घ्यायची म्हणतो. नवी घेऊ का जुनी, काही समजून नाही राहिलं. तुम्ही सोबत याल का?"

बाबांना चारचाकी येत नाही. उमरेडकडे आमची थोडी शेती आहे, तिथं कधीकाळी ट्रॅक्टर हाकला होता तेवढाच. पण जावयानं विचारलं आणि हातातला घास तसाच धरून ते म्हणाले, "येतो न. काहून नाही येणार?" त्यांचा चेहरा मी पाहिला. माझ्या बढतीची बातमी सांगितली होती तेव्हाही तो तसा फुलला नव्हता.

पहिल्या रविवारी ते वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये नव्या गाड्या बघून आले. दुसऱ्या रविवारी जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिथून आल्यावर बाबांनी मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. जुनी गाडी कशी पारखायची, ते सांगणारे. जावई पाठवायचा आणि बाबा बघायचे, तेही आवाज पूर्ण मोठा करून. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असताना बाहेरून कोणीतरी हिंदीत ओरडून सांगत असे, की इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा, दाराच्या रबराखालचा रंग बघा. मागे शहरात पाणी शिरलं होतं, कित्येकांच्या गाड्या त्यात बुडाल्या होत्या. त्या धुऊनपुसून विकायला आल्या असतील ही बाबांना मोठी धास्ती. बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते, हे त्यांनी व्हिडिओत बघितलं होतं. ते हे इतक्या गंभीरपणे सांगायचे की जणू त्यांनीच शोधून काढलं.

मला नाही सांगायचे. शेजारच्या काकांना सांगायचे, गावच्या चुलतभावाला फोनवर सांगायचे. मी विचारलं, "आज कोणती पाहिली, बाबा?" तर म्हणायचे, "पाहिल्या दोन-तीन. लंबी कहाणी आहे वं, जेवाले वाढ." आणि जेवण झालं की तीच लांब कहाणी अंगणात खुर्ची टाकून फोनवर चालायची. मी भांडी घासत ऐकायची. जावयाला पांढरा रंग पाहिजे, आपल्याला राखाडी पसंत आहे. पेट्रोलवर घ्यावी का सीएनजीवर, सीएनजीत मागची डिकी टाकीच खाऊन टाकते. सकाळी कुठे पोहे खाल्ले, त्यावरची झणझणीत तर्री कशी होती. जावई म्हणे बिल देऊ देत नाही.

मला फार लागायचं ते. आता लिहितानासुद्धा लागतं.

कारण गाडीची गरज खरी मला होती. मी सीताबर्डीजवळच्या एका विमा कचेरीत काम करते. मे महिन्यात दुपट्ट्यानं तोंड बांधून, हातमोजे घालून मी हुडकेश्वरहून स्कूटीनं जाते तेव्हा सिग्नलवर डांबराची वाफ पायजम्यातून वर चढते. बाबांना डोळ्याच्या डॉक्टरकडे, दाताच्या डॉक्टरकडे, पेन्शनच्या बँकेत मीच मागे बसवून नेते. आदल्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन चारचाकी शिकले, लायसन्स काढलं. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "चांगलं केलं. शिकून ठेवलेलं कामी येते." एवढंच. ही शिकली म्हणजे हिला गाडी घ्यायची असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. लोकांना ते नेहमी सांगतात, "ही माझी पोरगी नाही, पोरगाच आहे." मग पोराला घरी ठेवून जावयासोबत गाड्या कशा काय बघतात, असं मला विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणीसाठी मी त्यांना घेऊन चालले होते, तेव्हाची गोष्ट. सक्करदऱ्याच्या सिग्नलला आमच्या शेजारी एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. काचा बंद, आत बाई, मागे झोपलेलं मूल. बाबांनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली आणि त्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही पाहिली आम्ही. मागं पाय ठेवाले जागा नाही."

आम्ही. सिग्नल सुटेपर्यंत मी त्या एका शब्दावर जळत उभी होते.

त्याचा राग यावा असंही जावयात काही नव्हतं, ही आणखी पंचाईत. तो साधा माणूस. आल्यावर माझ्यासाठी संत्र्याची बर्फी आणायचा, "ताई, तुम्ही पण चला न," असं तोंडदेखलं का होईना म्हणायचा. तेव्हा बाबा मध्येच म्हणायचे, "तिले घरचं काम असते." मी पण मग "हो, कपडे धुवायचे आहेत," म्हणायची. ते दोघं फाटकातून निघाले की बाबा मोटरसायकलवर त्याच्या मागे बसून त्याच्या कानाशी काहीतरी सांगत असत. माझ्या मागे बसून ते बोलत नाहीत. "तुले ऐकू येत नाही," म्हणतात.

बाबांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ टाळा, काळा चष्मा लावा सांगितलं. दोन रविवार घरीच गेले आणि बाबा पिंजऱ्यातल्यासारखे फिरू लागले. तेवढ्यात जावयाचा फोन आला. महालात, जुन्या शहरात, एक गाडी आहे, त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या ओळखीची. छोटी, पेट्रोलवरची, एकाच मालकाची, राखाडी. पण त्याला कंपनीच्या कामानं चंद्रपूरला जावं लागत होतं आणि मालकाकडे रविवारी दुसरंही गिऱ्हाईक यायचं होतं.

बाबा फोन ठेवून माझ्याकडे आले. काळा चष्मा वर करून म्हणाले, "तू नेतं काय मले महालात?"

दुसरी निवड म्हणून का होईना, मला विचारलं. मी कपडे भिजत टाकले होते, ते तसेच ठेवले.

महालातल्या त्या गल्लीत जुनं घर पाडून तीन मजली इमारत उभी केली होती आणि खालच्या मजल्यावर चार गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा. मालक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक सर. मुलाकडे हैदराबादला कायमचे चालले होते म्हणून गाडी काढत होते. बाबांनी नमस्कार केला न केला आणि सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला.

"थंडं आहे," मला म्हणाले. मला!

"सकाळपासून सुरूच नाही केली," मागून आवाज आला. सरांच्या पत्नी पायऱ्या उतरून येत होत्या. साठीच्या, सुती साडी, हातात किल्ली. "तुम्ही येणार म्हणून मुद्दाम. आम्ही पण बघतो हो ते व्हिडिओ."

सर हसले. "गाडी हिचीच आहे. मला येत नाही चालवायला. मी नुसता शेजारी बसून घाबरतो."

बाबांनी मागचं दार उघडलं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, टोक डोळ्यांजवळ नेलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. मग मला म्हणाले, "तू पाय. मले आज धूसर दिसते." मी पाहिलं. पट्टा टोकापर्यंत स्वच्छ होता. मग दाराचं रबर मी ओढून धरलं आणि त्यांनी बोट फिरवलं. मी खाली वाकून टायर बघितले, पुढचे नवे, मागचे झिजलेले. ते मला सांगत गेले, मी बघत गेले. "तेलाचं झाकण उघड. आतून पांढरं चिकट आहे काय? नाही न? बस." डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा गंजलाय का तेही बघायला लावलं. माझे हात काळे झाले. दर रविवारी हे असं असतं तर, असं मला वाटलं आणि त्याच क्षणी, दर रविवारी हे असंच असतं, फक्त माझ्या जागी दुसरा असतो, हेही वाटलं.

बाईंनी किल्ली बाबांपुढे धरली. बाबा दोन पावलं मागे सरले. "मले नाही येत. चालवणारे जावई आज आले नाहीत."

"मुलीला येतं ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "येतं का गं तुला?"

"येतं," मी म्हटलं.

"मग तूच बघ चालवून. मी मागे बसते. वडिलांना पुढे बसू दे."

शिकवणीच्या गाडीनंतर मी पहिल्यांदाच स्टिअरिंगला हात लावत होते. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. बाबांनी बसल्या बसल्या दारावरचा दांडा धरला. गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली तरी थांबावं लागे. एका बाजूला दुकानाच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाक्या. तोंडाशी एक भाजीचा ठेला आडवा होता, तिथं गाडी बंद पडली.

"हळू वं," बाबा म्हणाले.

"बंद गाडी आणखी किती हळू चालवू?"

मागून बाई खुदकन हसल्या. "क्लच थोडा वर धरतो तिचा. सावकाश सोड, कळेल तुला."

सावकाश सोडला आणि कळलं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर दुसरा गिअर, तिसरा, गाडी लोण्यासारखी गेली. बाबांनी दांडा सोडला. "एसी लाव," म्हणाले. लावला. भर दुपारचं ऊन काचेबाहेर राहिलं आणि आत थोड्या वेळात गार झालं. "आता बंद करून रेस दे. ओढते काय ते पाय. आता पुन्हा लाव. आवाज ऐक." मी ऐकला. ते ऐकत होते, मी ऐकत होते. एका खड्ड्यावरून मुद्दाम जायला लावलं. "खालून काही वाजलं?" "नाही बाबा." "मलेही नाही आलं ऐकू." सक्करदऱ्यापर्यंत जाऊन आम्ही वळलो. परत येताना ते टेकून बसले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "बरोबर चालवतं तू."

एवढंच म्हणाले. पण मी गाडी पार्क करेपर्यंत तेच मनात घोळवत होते आणि पार्क करताना मला मागे घ्यायला अजिबात अडलं नाही.

निघताना बाई मला हळूच म्हणाल्या, "तुझ्यासाठीच बघताय ना?" मी नुसतं हसले.

घरी जाताना मी रसवंतीपाशी स्कूटी थांबवली. उसाच्या रसाचे दोन ग्लास सांगितले. बाबांनी अर्धा ग्लास प्यायला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, ही गाडी मी घेऊ काय?"

त्यांनी ग्लास खाली केला. "कोणती?"

"हीच. आताची."

"ही तं जावईबापूंसाठी पाहिली."

"त्यांनी तर पाहिलीही नाही. त्यांना दुसरी मिळते. एवढ्या पाहिल्या तुम्ही."

"तुले कशाले लागते वं? स्कूटी आहे न चांगली."

"तुम्हाले दवाखान्यात कोण नेते?"

"म्हणजे माझ्यासाठी घेऊन राहिली?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

बाबांनी उरलेला रस संपवला. चरकाच्या घुंगरांचा आवाज तेवढा चालू होता. मग रुमालानं मिशा पुसत म्हणाले, "मी त्याले काय सांगू? तू गेला चंद्रपूरले अन् पोरीनं घेऊन टाकली? चांगलं दिसते काय ते? जावई आहे. त्यानं माह्यावर सोडलं होतं."

मी ग्लास ठेवला, दुपट्टा बांधला. बांधलेल्या तोंडाचा एक फायदा असतो.

संध्याकाळी अंगणातून फोनवर त्यांचा आवाज ऐकू आला. "एकदम ओके आहे, जावईबापू. बुडालेली नाही, ठोकलेली नाही. एसी बर्फ. चालवून पाहिली न, सक्करदऱ्यापर्यंत. क्लच जरा वर आहे, पण जमते." चालवून पाहिली. कोणी चालवली, ते काही त्यांनी सांगितलं नाही. क्लच वर आहे हे माझ्या डाव्या पायाला कळलं होतं. मी कणीक तिंबत होते. त्या दिवशी पोळ्या वातड झाल्या आणि बाबांनी त्या वरणात कुस्करून खाल्ल्या.

जावयानं गाडी घेतली. मनीषनगरला पूजा होती. नारळ, हार, चाकांखाली लिंबं. धाकटीनं नवी साडी नेसली होती. तिची मुलगी पुढच्या सीटवर उड्या मारत होती. मी ज्या सीटवर बसले होते ती मागे सरकवलेली होती, आरसा वर केलेला होता. बाबा आणि जावई दोघं किल्ली धरून बॉनेटपाशी उभे राहिले आणि धाकटी म्हणाली, "ताई, तू काढ न फोटो, तुझ्या मोबाइलचा चांगला येतो."

मी काढला. बाबा इतके हसले होते की दाताच्या डॉक्टरांनी बसवलेली वरची दाढसुद्धा दिसत होती. तिथं त्यांना मीच चार खेपा नेलं होतं.

मग जावयानं गाडी बाहेर काढताना फाटकाच्या खांबाला घासली. कर्रर्र आवाज झाला. बाबा लगबगीनं पुढे गेले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "होते, होते. हात बसला नाही अजून." मला त्या ओरखड्यानं फार बरं वाटलं. इतकं, की मी प्रसादाचा पेढा आणखी एक घेतला.

जेवणानंतर स्वयंपाकघरात धाकटी आणि मी दोघीच होतो. ती ताटं विसळत होती. अचानक म्हणाली, "इकडे बदली झाली तेव्हा मले वाटलं, आता बाबा भेटत राहतील. दर रविवारी गाड्या पाहून झाल्या की यांच्यासंग घरी येतात तं खरे. पण यांच्याशीच बोलत बसतात. आले की गाडी, गेले की गाडी. माझ्याशी काय बोलतात? चहात साखर कमी टाक, एवढंच."

"मग बोलायचं तू."

"तुले तं रोज असतात बाबा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. दवाखान्यात तू, बँकेत तू. लग्न होऊन गेलं की आपण पाहुणेच. तुझं बरं आहे."

माझं बरं आहे! मला तिच्याबद्दल कळवळा यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याआधी मला बरं वाटलं, की हिलाही बोचतंय. मी तिच्या हातातून ताटं घेतली आणि पुसून ठेवू लागले.

त्याच आठवड्यात मी कचेरीतून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि एकटी शोरूमला गेले. जुनी गाडी मी घ्यायची नाही असं ठरवलं होतं. जुनीला पारखणारं माणूस सोबत लागतं आणि ते माझ्यापाशी नव्हतं. विकणारा तरुण टाय लावून पुढे आला, खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि विचारलं, "मॅडम, सर येणार आहेत का? मग एकदमच दाखवतो."

"कोण सर?"

तो गडबडला. मग मला त्यानं सगळ्यात महागडं मॉडेल दाखवायला घेतलं. छताला काच, पडद्यावर गाणी. मी सांगितलं, मला सगळ्यात लहान आणि सगळ्यात साधं बघायचं आहे. ट्रायल मात्र आताच, या उन्हात, आणि रस्ता मी सांगेन तो. त्यानं शोरूमसमोरचा गुळगुळीत पट्टा सुचवला. मी गाडी हुडकेश्वरला आणली. आमच्या लेआउटचा रस्ता अजून अर्धा मुरमाचाच आहे, मध्ये नालीसाठी खणून ठेवलेला. तिथं ती नवी गाडी थोडी आपटली, जुनीपेक्षा जास्त. क्लच मात्र हलका. पुलावर चढताना एसी लावल्यावर दम लागला तिला, महालातल्या गाडीला लागला नव्हता. मागे बसून बघितलं, बाबांचे गुडघे पुढच्या सीटला टेकले असते, मग पुढेच बसवू, म्हटलं. तो तरुण दमला होता. तो सांगेल त्यातलं काही मी ऐकत नव्हते. प्रत्येक गोष्ट मी त्या राखाडी गाडीशी ताडून बघत होते आणि दर वेळी तिचंच पारडं थोडं जड होत होतं, हे मला कळत होतं. तरी मी हीच घेतली. निळी. कारण ती जावयानं पाहिलेली नव्हती, बाबांनी वास घेतलेली नव्हती. ती कोणाचीच नव्हती.

घरी काही सांगितलं नाही. गाडी मिळाली त्या दिवशी स्कूटी कचेरीतच ठेवली आणि चालवत आले. बाबा अंगणात झाडांना पाणी देत होते. नळी हातात तशीच राहिली, पाणी चपलांवर वाहत होतं.

"कोणाची वं?"

"माझी."

ते बघतच राहिले. फाटकापर्यंत आले, पण गाडीला हात लावला नाही. "कधी पाहिली?"

"मागच्या महिन्यात."

"कोणासंग?"

"एकटीच गेले होते."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले रविवारी वेळ नसते," मी म्हटलं. हे वाक्य मी शोरूममधून घरी येईपर्यंत तयार करून ठेवलं होतं. ते बोलून झाल्यावर जेवढं बरं वाटेल असं वाटलं होतं तेवढं वाटलं नाही. थोडं वाटलं.

बाबांनी नळ बंद केला आणि आत गेले. रात्रीचं जेवण "भूक नाही" म्हणून अर्धं सोडलं. दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला मी गाडी बाहेर काढली तर म्हणाले, "मी आटोनं जातो." आणि खरंच गेले, काळा चष्मा लावून, ताठ मानेनं. मी गाडी घेऊन आटोच्या मागे मागे दवाखान्यापर्यंत गेले. तिथं पोहोचल्यावर दोघंही एकाच बाकावर बसलो. संध्याकाळी गावच्या चुलतभावाला फोनवर सांगत होते, "घेतली न तिनं नवी. निळी आहे. मले कोण विचारते? शिकल्या-सवरलेल्या पोरी." मी खिडकीशी उभी राहून सगळं ऐकलं. इतके महिने मी जे गिळत होते ते आता त्यांच्या घशाशी आलं होतं आणि मला पाणी द्यावंसं वाटत नव्हतं.

रविवारी जावई आला. त्याच्या गाडीच्या क्लचचा आवाज येत होता, बाबांना घेऊन मेकॅनिककडे जायचं होतं. बाबा दाढी करून तयार होतेच. जाता जाता तो माझ्या गाडीभोवती कौतुकानं फिरला. "ताई, मस्त घेतली. एक चक्कर मारू काय?"

"नको," मी म्हटलं. "नवी आहे अजून."

त्याला वाईट वाटलं असावं. बाबांनी माझ्याकडे चमकून बघितलं आणि त्याच्या गाडीत जाऊन बसले.

पुढे पावसाळा आला, गावाकडे पेरण्या झाल्या. शेत ठेक्यानं दिलेलं असलं तरी पीक उभं राहिलं की बाबांना एकदा डोळ्यांनी बघायचं असतं. एका सकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "जावईबापूंची गाडी कामाले टाकली आहे," म्हणाले. "आज सुट्टी आहे न तुले? उमरेडकडे जाऊन येऊ म्हणतो."

त्याची गाडी नाही म्हणून माझी. मला सगळं समजत होतं. तरी मी किल्ली घेतली.

ते पुढे बसले. बेल्ट ओढला, आणि सवयीनं शेवटपर्यंत ओढून बघितला. माझं लक्ष आहे हे पाहून पट्कन सोडून दिला. मी वाट बघत होते, ते आता काहीतरी बोलतील, एसी कसा आहे, आवाज कसा आहे, सीट कशी आहे. नावं ठेवली असती तरी चाललं असतं. शहर संपलं, उमरेड रोडला दोन्ही बाजूंना हिरवं लागलं, आणि बाबा झोपले. मान खिडकीकडे कललेली, तोंड उघडं. खड्डा आला तरी जागे झाले नाहीत. मला इतका राग आला. त्याच्या गाडीत हे म्हणे रस्ताभर बोलतात. गावी पोहोचून उठवलं तर डोळे चोळत म्हणाले, "आलं काय एवढ्यात?" शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं फिरले, कपाशी बघितली, परत येताना पुन्हा झोपले.

रात्री धाकटीचा फोन आला तेव्हा मी तिच्याजवळ तक्रार केली. "एवढ्या हौसेनं नेलं, तर पूर्ण रस्ता झोपून काढला. जाताना आणि येतानाही."

ती म्हणाली, "झोपले? खरंच? आमच्या गाडीत कधी डोळा नाही मिटला त्यांनी. यांच्या शेजारी बसून पायानं ब्रेक दाबत राहतात. आल्यावर त्यांची पोटरी दुखते, मी तेल लावून देते."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हटलं, "आवाज तुटून राहिला वं. काय म्हणालीस, पुन्हा सांग."